फाडलेल्या पानाचा सूड

मी हिवतापाचा परजीवी बोलतोय. दचकू नका, हात झटकू नका. मी तुमचा हिवताप नव्हे, उंदरांचा. माणसाच्या रक्तात मला घर करता येत नाही. माझ्यामुळे आजवर एकही माणूस थंडीने कुडकुडला नाही, एकाही घरात रडारड झाली नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण माझा गुन्हा काय होता, हे मला शेवटी तुम्हाला विचारायचं आहे.

सध्या मी वसई पूर्वेला, वालीवच्या एका औद्योगिक गाळ्यात, द्रव नायट्रोजनच्या पिंपात गोठून पडलो आहे. उणे एकशे शहाण्णव अंश. इथे भूक नाही, वाढ नाही, फक्त आठवणी आहेत, आणि त्या सगळ्या एकाच बाईच्या आहेत. तिचं नाव उन्नती. तिने माझं एक पान फाडलं. मला तिच्यावर सूड उगवायचा आहे.

माझे पूर्वज आफ्रिकेच्या जंगलात, झाडीतल्या उंदरांमध्ये राहत. तिथून कोणी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, आणि एका प्रयोगशाळेतून दुसरीत असं करत २००४ सालच्या ऑगस्टमध्ये मी एका बोटभर कुपीतून वालीवला पोचलो. मी म्हणजे एक नव्हे. माझे एकाचे दोन, दोनाचे शेकडो होतात, आणि ते सगळे मीच असतो. त्यामुळे पुढे मी एकाच वेळी चार ठिकाणी असल्यासारखा बोललो, तर गोंधळू नका.

माझं आयुष्य तीन घरांचं. पहिलं घर डासाचं पोट. तिथे माझे नर आणि मादी भेटतात, त्यांच्यापासून सरपटणारा जंतू होतो, तो डासाच्या आतड्याची भिंत फोडून पलीकडे जातो आणि तिथे गाठ होऊन बसतो. गाठ पिकली की तिच्यातून सुयांसारखे हजारो मी बाहेर पडतो आणि डासाच्या लाळेत जाऊन थांबतो. डास उंदराला चावला की मी दुसऱ्या घरी जातो, उंदराच्या यकृतात. तिथे दोन दिवस गपचूप वाढतो. मग तिसरं घर, रक्त. ताप येतो तो या तिसऱ्या घरात.

एवढी रूपं बदलायची तर सगळं लिहून ठेवलेलं हवं. माझ्याजवळ एक वही आहे, जन्मतः मिळालेली, हजारो पानांची. कोणत्या घरात कोणतं पान उघडायचं, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. तुमचे शास्त्रज्ञ या पानांना जनुकं म्हणतात.

आमच्या गाळ्याच्या एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मधला गाळा डॉक्टर कौस्तुभ यांचा. परदेशात शिकून आलेला, चाळिशीचा, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेला माणूस. उंदीर सांभाळायला मटिल्डा होती, वसईगावची, पन्नाशीला आलेली. ती उंदरांना दाणे घालताना गुणगुणायची आणि एखाद्याला मारायची वेळ आली की आधी कपाळावर, छातीवर क्रूस काढायची. आणि डासांच्या खोलीत उन्नती.

उन्नती तेव्हा बत्तीस वर्षांची होती. खिशात दोन पेन, निळं आणि लाल. जाळीच्या पिंजऱ्यात शेकडो डास, त्यांना साखरपाण्यात भिजवलेला कापूस, आणि भिंतीवर तापमापी. दर दोन तासांनी ती तापमान लिहायची. तारीख, वेळ, आकडा, सही. माझ्याकडे कोणी इतक्या बारकाईने कधी पाहिलं नव्हतं. पहिले काही दिवस मला ते आवडलंही. मग तिचं आणि मटिल्डाचं बोलणं माझ्या कानी पडलं.

"अगं बाय," मटिल्डा म्हणाली, "डासांना साखर घालतेस तेवढी एखाद्या नवऱ्याला घातली असतीस तर आज दोन पोरं असती तुला."

"नवरा रोज कापसाने साखर खाणार असेल तर बघ एखादा."

"चेष्टा नको. मी खरं विचारते. एवढी शिकलेली मुलगी, या पिंजऱ्याशी काय घेऊन बसलीस?"

उन्नतीने कापूस पिळला. मग खाली बघूनच सांगितलं.

तिचे वडील हिरामण, आई यशोदा. वसईच्या पश्चिमेला त्यांची वाडी: केळी, पानवेली, मोगरा, आणि घराला लागून विहीर. धाकटी बहीण पूर्वी. १९९५ साली पूर्वीचं लग्न ठरलं. सप्टेंबरात घरीच साखरपुडा झाला. ऑक्टोबरात तिला ताप आला. पाचव्या दिवशी ती माणसं ओळखेना. सातव्या दिवशी गेली. हिवताप मेंदूत गेला होता. वीस वर्षांची होती.

"सायबा!" मटिल्डा म्हणाली. "पण तुमच्याकडे तर रमेश यायचा ना, आरोग्य खात्यातला? विहिरींत गप्पी मासे सोडत फिरायचा. ते मासे डासांची अळी खातात म्हणे."

"आमच्याही विहिरीत सोडले होते."

"मग?"

"मग नव्हते," उन्नती म्हणाली आणि कापूस पिंजऱ्यात ठेवून तिने दार लावून घेतलं. मटिल्डाने पुढे विचारलं नाही. मी मात्र ते वाक्य जपून ठेवलं. शत्रूचं दुखणं कुठे आहे हे ठाऊक असलेलं बरं.

आता तुम्हीच सांगा. पूर्वीला ज्याने नेलं तो माणसांचा हिवताप. माझा चुलत भाऊबंद म्हणा हवं तर, पण त्याचं घर वेगळं, माझं वेगळं. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही. केलं त्याने आणि शिक्षा माझ्या वाट्याला आली, का? तर मी उंदरात वाढतो, हाताशी असतो, निमूट असतो.

२००५च्या मार्चमध्ये त्यांनी मला उंदराच्या रक्तातून काढून एका छोट्या कुपीत भरलं आणि विजेचा झटका दिला. क्षणभर माझ्या अंगाला भोकं पडली. त्या भोकांतून त्यांनी एक खोटं पान आत सरकवलं. त्याच्या दोन्ही कडा माझ्याच एका पानासारख्या होत्या. मधला मजकूर मात्र परका. मला काही फाटलेलं दिसलं की जुळवून ठेवायची सवय आहे. त्याच सवयीने मी खोटं पान वहीत बसवलं आणि खरं बाहेर टाकलं. म्हणजे माझं पान त्यांनी माझ्याच हातून फाडून घेतलं.

परक्या मजकुरात एका औषधाला तोंड द्यायची युक्ती होती. मग उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात तेच औषध कालवलं. ज्यांनी पान बदललं नव्हतं ते माझे सगळे सोबती मेले. जे उरले, त्यांतला एकेक दहा उंदरांत वेगवेगळा सोडला. त्यातल्या एका उंदरात जो वाढला, तो मी.

फाडून बघायच्या यादीत त्यांनी माझी चार पानं काढली होती. कोणतं फाडायचं हे कौस्तुभने उन्नतीलाच विचारलं होतं. "ही चारही कशासाठी आहेत, जगात कोणालाच माहीत नाही. तुला कोणतं वाटतं?"

तिने शेवटच्यावर बोट ठेवलं. "हे."

"का?"

"काही कारण नाही. कुठेतरी सुरुवात करायची ना?"

काही कारण नाही! माझं आयुष्य त्या एका बोटाखाली गेलं. त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई मला ज्या ज्या घरात पाहायला येईल, त्या त्या घरात मी तिला हरवीन. तिला मला थांबवायचं होतं. मला रक्तापर्यंत पोचायचं होतं. आमचं भांडण एवढंच, आणि एवढं मोठं.

पहिला डाव माझा. उंदराच्या रक्तात मी सरसर वाढलो. उन्नती उंदराच्या शेपटीच्या टोकातून थेंब घ्यायची, काचेवर पसरायची, जांभळ्या रंगात बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मला मोजायची. शेजारच्या पिंजऱ्यात माझा भाऊ होता. भाऊ म्हणजे पान न फाडलेला, साधा मी. तो जितका, तितकाच मी. चार दिवस मोजून तिने लिहिलं: "रक्तात फरक नाही." लिहिताना तिचे ओठ आवळलेले होते. मी खूश झालो.

दुसऱ्या डावाला २००६चा मे उजाडला. डासांना उंदरांवर सोडलं, त्यांनी रक्त प्यायलं आणि मी डासांच्या पोटात उतरलो. डासाच्या पोटात मला गारवा लागतो, एकवीस अंशांच्या आसपास. त्या खोलीत वातानुकूलन यंत्र होतं. पण त्या उन्हाळ्यात वसईत रोज चार-चार, सहा-सहा तास वीज जायची. जनित्र होतं, ते डास पाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी बिघडलं.

तेव्हा उन्नतीने काय केलं? वाडीतल्या मुलीने जे करावं तेच. पानवेलीची तोडलेली पानं त्यांच्याकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून टवटवीत ठेवतात. तिने आणि मटिल्डाने गोणपाटं भिजवून पिंजऱ्यांवर टाकली, दर पंधरा मिनिटांनी पाणी शिंपडलं. हाताला गार लागत होतं. पानं त्याने ताजी राहिली असती. तापमापीत मात्र एकोणतीस दिसत होतं. तिने तो आकडाही प्रामाणिकपणे लिहिला, तारीख, वेळ, सही. लिहिला, पण त्यावर विचार केला नाही.

आतल्या आत मी शिजून मेलो. सरपटणारा जंतू व्हायच्या आधीच.

दहाव्या दिवशी सकाळी तिने माझे डास उघडले. सुईच्या टोकाने एकेका डासाचं पोट काढून काचेवर ठेवलं. वीस डास. एकातही माझी गाठ नाही. वहीत तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: "थांबला. पोटातच थांबला." आणि त्याखाली लाल पेनने दोन रेघा ओढल्या. मटिल्डाला हाक मारली. मटिल्डाने तिला मिठी मारली आणि दोघी रडल्या.

अकरा वाजता कौस्तुभ आला. त्याने वही वाचली. चेहरा खुलला, मग तिथेच थबकला.

"साधा काय म्हणतो?"

"अजून उघडला नाही, सर."

"आधी कंट्रोल, उन्नती, तुलनेचा साधा. कंट्रोल पहले, खुशी बाद में. उघड."

तिने माझ्या भावाचे डास उघडले. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. सातव्या डासापर्यंत तिच्या लक्षात आलं होतं, तरी ती विसाव्यापर्यंत गेली. माझा भाऊही मेला होता. आम्हा दोघांना मारलं ते पान फाडल्याने नव्हे, एकोणतीस अंशांनी.

"ओल्या गोणपाटाखाली तू विड्याची पानं ठेवली होतीस का?" कौस्तुभ म्हणाला. रागाने नव्हे, पण ते तिला जास्त लागलं असावं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. ती ते पान फाडेल असं मला वाटलं होतं. लाल रेघांचं, लाज आणणारं पान. तिने फाडलं नाही. "थांबला" या शब्दावरून निळ्या पेनने एकच सरळ रेघ ओढली, अक्षरं वाचता येतील अशी, आणि बाजूला लिहिलं: "चूक. खोली तापली होती." तारीख, सही. माझं पान फाडणारी ही बाई स्वतःच्या वहीतलं पान जपून ठेवत होती! मला तिचा आणखी राग आला.

तिसऱ्या डावाची तयारी मटिल्डाने केली. तिचा भाऊ आलोशियस पाचूबंदरला मासेमारीच्या बोटींना टेम्पोने बर्फ पोचवायचा.

"रोज एक लादी आमच्या डासांना दे," तिने त्याला सांगितलं.

"डासांना बर्फ?" आलोशियस म्हणाला. "उद्या म्हणशील पापलेटही दे."

"पापलेट मला दे. बर्फ डासांना."

एकवीस दिवस तो टेम्पो गाळ्यापाशी थांबत राहिला. वीज गेली की लाद्या पिंजऱ्यांभोवती रचल्या जायच्या. तापमापी एकवीसच्या वर गेली नाही. आणि मी, काय सांगू तुम्हाला! नर-मादी भेटले. सरपटणारा झालो. आतड्याची भिंत फोडली. गाठ झालो. पिकलो. सुया होऊन लाळेत पोचलो. एका डासात बारा हजार मी. माझा भाऊ अकरा हजार. एकविसाव्या दिवशी उन्नतीने लाळेच्या पिशव्या फोडून मला मोजलं, पुन्हा मोजलं, आणि वहीत लिहिलं: "डासातही फरक नाही."

तिने पेन खाली ठेवलं आणि तळहातांनी डोळे झाकून बसली.

"काय गं?" मटिल्डाने विचारलं.

"चारांतलं नेमकं बिनकामाचं पान निवडलं मी."

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा क्षण. मला दोन घरांत तिने पाहिलं, दोन्हीकडे मी पूर्ण होतो. आता उरलेलं एक घर: उंदराचं यकृत, आणि तिथून रक्त. रक्तात गेलो की तिच्या डोळ्यांसमोर जांभळ्या ठिपक्यांनी काच भरून टाकायची. माझा सूड तयार होता.

दहा उंदरांच्या शेपटीच्या शिरेत तिने मला टोचलं, दहांना माझ्या भावाला. अर्ध्या तासात मी यकृतात होतो. एक पेशी निवडली. आत शिरताना तिच्याच पडद्याची पिशवी अंगाभोवती ओढून घेतली, नेहमीसारखी. सुईसारखा होतो, तो गोल झालो. आता वाढायचं. एकाचे हजारो व्हायचे. मी वही उघडली.

पान नव्हतं.

त्या जागी तो परका मजकूर होता, औषधाला तोंड द्यायचा. इथे औषध नव्हतं. इथे काय करायचं ते ज्या पानावर होतं, तेच तिच्या बोटाखालचं पान. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. शेजारच्या पेशीतला मी, त्याच्या शेजारचा मी, सगळे वही उघडून बसलेले. एक दिवस गेला. पेशीला आमचा सुगावा लागला. पिशवीची भिंत ढिली होऊ लागली. दुसऱ्या दिवशी मी विरघळलो. सगळा मी, दहाच्या दहा उंदरांत.

चौथ्या दिवशी माझ्या भावाचे दहाही उंदीर रक्तात भरले होते. माझ्या उंदरांच्या काचा स्वच्छ. पाचव्या दिवशी स्वच्छ. सातव्या, दहाव्या, चौदाव्या दिवशी स्वच्छ. उन्नती एकेका काचेवरच्या दोनशे दोनशे जागा पाहायची. मला वाटलं, आता ही नाचेल. पण मेमधली ती निळी रेघ तिच्या लक्षात होती. तिने "थांबला" लिहिलं नाही. "रक्तात दिसला नाही. पुन्हा करावे," एवढंच लिहिलं. पुन्हा केलं. आणखी एकदा केलं. तिन्ही वेळा मी त्याच पेशीत, त्याच पानापाशी जाऊन मेलो.

एवढ्यावर थांबली असती तरी मी तिला एखाद्या दिवशी क्षमा केली असती. पण तिचा खरा सूड पुढेच होता.

२००७च्या हिवाळ्यात तिने दहा नवे उंदीर घेतले आणि त्यांना मला तीनदा टोचलं, मध्ये काही आठवडे सोडून. तिन्ही वेळा मी यकृतात विरघळलो. मग महिनाभर थांबून त्याच उंदरांना माझ्या भावाला टोचलं. धडधाकट भाऊ, वही पूर्ण असलेला, दहा हजारांच्या संख्येने. शेजारी दहा कोरे उंदीर, त्यांनाही तेवढाच.

कोरे उंदीर चौथ्या दिवशी भरले. माझ्या उंदरांत भाऊ रक्तापर्यंत पोचलाच नाही.

का, ते मला उशिरा कळलं. मी यकृतात मरत होतो तेव्हा उंदराचं अंग मला पाहून घेत होतं. माझा चेहरा, माझी चाल, माझं पिशवी ओढून बसणं. माझा भाऊ आला तेव्हा अंगाने त्याला दारातच ओळखलं, कारण तो हुबेहूब माझ्यासारखा. मी माझ्याच घराण्याचा खबऱ्या झालो होतो. उन्नतीने मला नुसतं मारलं नव्हतं, माझ्या मरणाला कामाला लावलं होतं.

"माझी पोरं वाचली!" मटिल्डा पिंजऱ्यापुढे टाळ्या वाजवत होती. दहा उंदीर, सगळे तुकतुकीत. कौस्तुभने सगळ्यांसाठी वसईची केळी आणली. उन्नतीने एक हातात घेतलं आणि सोललं नाही.

"झालं ना आता?" मटिल्डाने हळूच विचारलं. "बहिणीचं उट्टं निघालं."

"नाही झालं," उन्नती म्हणाली.

मला समजेना. जिंकली होती ती! तिला आणखी काय हवं होतं?

उत्तर मिळालं ते २००८च्या नोव्हेंबरात. कौस्तुभला दक्षिणेत एका मोठ्या संस्थेत जागा मिळाली होती. गाळा बंद होणार होता. मला गोठवून तिकडे पाठवायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी उन्नतीची आई, यशोदा, गाळा बघायला आली. साठी उलटलेली, नऊवारी, अंबाड्यात मोगऱ्याची वेणी, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. मटिल्डाने तिला स्टूल दिलं.

"पूर्वीला ज्यानं नेला तो बघायचा होता मला," यशोदा म्हणाली. "एवढी वर्सं माझी पोर त्याच्या मागे हाय. मला एकदा तरी दाव."

उन्नतीने एक जुनी रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्या काचेवर मी होतो, उंदराच्या रक्तातला, जांभळा. यशोदाने एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. बराच वेळ बघत राहिली. इतक्या जवळून मला कोणत्याही आईने पाहिलं नव्हतं.

"हाच का तो?"

"नाही आई. हा उंदरांचा. तो माणसांचा असतो. ह्याचा भाऊबंद."

"मंग ह्यानं काय केला होता?"

उन्नतीने काच नळीखालून काढून घेतली.

"ह्यानं आपला काय केला नाय, तर ह्याला कशाला धरलास?"

ऐकलंत? माझं म्हणणं, शब्द न् शब्द! चार वर्षांत कोणी ते तोंडातून काढलं नव्हतं. मी त्या काचेवर मेलेला होतो, तरी मला हसू आलं. आता हिला उत्तर द्यावंच लागणार होतं.

"तो हाती लागत नव्हता. हा लागला," उन्नती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "आणि तोही नव्हे, आई. विहीर मी उपसली होती."

मटिल्डा दाण्यांचा डबा घेऊन उभी होती. तिने तो आवाज न करता खाली ठेवला.

उन्नतीने सांगितलं, एकेक गोष्ट, वहीत नोंद करावी तशी. साखरपुड्याला मुलाकडची माणसं येणार होती. त्यांना विहिरीचंच पाणी द्यायचं. कळशीत मासे आले तर काय म्हणतील? म्हणून साखरपुड्याच्या तीन दिवस आधी, आई-वडील बाजाराला गेले असताना, तिने पंप लावून विहीर उपसली आणि पाणी भरू लागल्यावर वरून ब्लीचिंग पावडर ओतली. पाणी काचेसारखं झालं. सगळ्यांनी कौतुक केलं. सगळे गप्पी मासे मेले. महिन्याभराने विहिरीच्या भिंतींवर डासच डास होते.

"रमेश विचारायला आला होता, मासे कुठे गेले म्हणून. मी म्हटलं, खंड्या पक्ष्याने खाल्ले असतील."

यशोदाने पदराने सूक्ष्मदर्शकाची नळी पुसली, जिथे तिचा डोळा टेकला होता तिथे.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"मेलेले मासे विहिरीच्या कडेला पडले होते. मीच गोळा केले नि केळीच्या बुडात पुरले. तुझ्या बापाला पन सांगितला नाय. पाहुने यायचे होते."

"आणि मला? तेरा वर्षं तू मला काही बोलली नाहीस?"

"पयली चार-पाच वर्सं रागानं नाय बोलले. वाटला, जलू दे हिला. तिचा तिनं सांगितल्याबिगर मी तोंड उघडायची नाय." यशोदाने केळीच्या पानाची गाठ चाचपली. "मंग राग गेला. पन तू या डासांत अशी शिरलीस, तुला कुठून बोलवू ते कलेना."

उन्नती जमिनीवर बसली. तिच्या खिशातली दोन पेनं खाली पडली आणि एक टेबलाखाली घरंगळत गेलं. मटिल्डाने ते उचललं नाही. कोणीच काही उचललं नाही.

आणि मला कळलं की मला उशीर झाला होता. जवळजवळ चार वर्षं मी सूड जपत होतो, घराघरांतून तो पुढे नेत होतो, आणि ही बाई तेरा वर्षांपासून दुसऱ्याच्या सुडाखाली होती. आईच्या गप्प बसण्याच्या. त्यापुढे माझा तो एका काचेवरचा जांभळा रंग काय होता?

यशोदाने केळीचं पान सोडलं. आत चिमुकल्या करंज्या होत्या. एक तिने लेकीच्या हातात दिली, एक मटिल्डाला.

"विहिरीत अजून मासे नाहीत?" उन्नतीने खाऊन झाल्यावर विचारलं.

"कोन सोडनार? रमेशची बदली झाली. पन त्याच्या जागी नवी पोर आलीय, पिशवीत मासे घेऊन फिरते. सांगितला तर देईल."

त्या दिवशी उन्नतीने चार वाजताचं तापमान लिहिलं, सही केली, आणि सहाचं मटिल्डाला लिहायला सांगून आईबरोबर निघून गेली. चार वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ती मला पाठवायचा कागद भरायला बसली. काय नाव, कुठून आला, कोणतं पान फाडलेलं, कोणत्या घरापर्यंत वाढतो. "रक्तात: नेहमीप्रमाणे. डासात: नेहमीप्रमाणे. यकृतात: वाढ थांबते, पुढे जात नाही." सगळं टापटीप, निळ्या पेनने. शेवटी एक रकाना होता: माणसांना धोका. तिथे "नाही" एवढं लिहून भागलं असतं. तिने "नाही" लिहिलं, पेन उचललं, पुन्हा टेकवलं आणि रकान्याबाहेर बारीक अक्षरात लिहिलं: "याने कोणालाही मारलेलं नाही."

सही केली. तारीख टाकली.

म्हणजे सुरुवातीला मी जे तुम्हाला विचारणार होतो, त्याचं उत्तर तिनेच देऊन टाकलं. माझा गुन्हा नव्हता. हे तिच्या अक्षरात, तिच्या सहीने, कागदावर आहे. पण पान तिने परत दिलं नाही. देणारही नाही. माझ्या मरणातून उंदरांची सुटका झाली, उद्या कदाचित माणसांचीही होईल, असं कौस्तुभ म्हणत होता. होऊ दे. मी त्याबद्दल आभार मानणार नाही आणि माफही करणार नाही.

परवा पिंप गाडीत चढेल. तिथल्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. मला वितळवाल तेव्हा एकवीस अंश सांभाळा, आणि उगाच "थांबला" असं लिहायची घाई करू नका. उंदरात सोडा, डासात सोडा, कुठेही सोडा. मी वाढेन. यकृतात पोचेन. पेशी निवडेन, पिशवी ओढून घेईन, आणि त्या जागी वही उघडेन. पान नसेल हे ठाऊक असूनही, दर वेळी, पुन्हा पुन्हा, मी तीच जागा उघडून बघेन.